पूर्णेचं यार्ड आणि ‘एफडी’चा तिसरा हप्ता

पूर्णेहून एका वाचकांचं दोन पानी पत्र आलं आहे. आयटीआयमध्ये ते फिटर ट्रेडचे निदेशक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आता वय ६०. वडील पूर्णेच्या लोको शेडमध्ये होते. पत्रातला कामाचा भाग असा:

“ताई, पूर्णा, परभणी, सेलू आणि नांदेड असे आम्ही चौघं छोट्या रेल्वेचे नादी आहोत. एकमेकांची इंजिनं, डबे, रूळ वापरायला देतो-घेतो. मी घरी मीटरगेजच्या काळातलं पूर्णेचं यार्ड उभं करतोय. आता पुण्याच्या एका गृहस्थांचा सगळा संग्रह विकायला आहे. २२ इंजिनं, ६४ डबे, किंमत साडेचार लाख. चौघांत घ्यायचं ठरलंय, पण बाकीच्यांची सोय नसल्यानं सध्या पैसे मी घालणार, ते हळूहळू देतील. अशा वस्तूंचे भाव वाढतच जातात, पाच वर्षांत दुप्पट होतील. चौघांच्या नावानं ट्रस्ट करावा का? पेन्शन ३८ हजार, घरखर्च २७ हजारांपर्यंत. निवृत्तीचे ३१ लाख मिळाले होते. त्यातले ३ लाख स्लॅबला गेले, १० लाख एफडीत आहेत. एफडीचा पुढचा ५ लाखांचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. तो खात्यातून आपोआप कटतो, म्हणून १८ लाख बचत खात्यातच ठेवायला बँकेच्या साहेबांनी सांगितलंय. घरी अजून काही बोललो नाही.”

सर, तुमचा प्रश्न ट्रस्टचा आहे. त्याचं उत्तर देते, पण आधी त्या ‘एफडी’कडे या.

एफडीला हप्ता नसतो. वर्षाला ५ लाख कापून घेते ती विमा पॉलिसी. तुम्ही बाँडच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात हे फार बरं केलं. त्यावर स्पष्ट छापलंय: दरवर्षी ५ लाख, १० वर्षं, १५ व्या वर्षाअखेर ७५ लाख. बँकेतल्या माणसानं एफडी म्हणून सही घेतली आणि तुम्ही ५० लाख भरण्याचं वचन देऊन बसलात. ज्याच्याकडे स्लॅब झाल्यावर २८ लाख उरले होते, अशा पेन्शनरला ५० लाखांचा करार विकला गेला. असली पत्रं मला मराठवाड्यातून सारखी येतात. शिक्षक, वीज मंडळातले, कृषी खात्यातले, आणि प्रत्येक वेळी निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाल्यावर आठवड्याभरात ‘साहेब’ घरी चहाला आलेले असतात. मला याची चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

हिशोब करू. दोन हप्ते गेले, आठ राहिले, म्हणजे ४० लाख. तुमच्याकडे १८ लाख. तीन हप्ते भराल, चौथ्याला २ लाख कमी पडतील. पेन्शनमधून वर्षाला फार तर सव्वा-दीड लाख मागे पडतात, त्यावर ५ लाखांचा हप्ता चालत नाही. ही पॉलिसी तुमच्याकडून पूर्ण होणारच नाही, मग ७५ लाखांचा आकडा कशाला धरून बसायचा? आणि समजा झाली पूर्ण, तरी परतावा पडतो वर्षाला ४ टक्क्यांच्या आत. गेलेले १० लाख आणि हप्ते थांबवले तरी त्यांच्यावर शेवटी मिळतील ते सुमारे १५ लाख, दोन्ही बाजूला ठेवून फक्त पुढचे आठ हप्ते मोजले तरी साडेचार टक्क्यांच्या वर जात नाही.

इकडे पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना हे लिहिताना ८.२ टक्के देते. व्याज दर तिमाहीला हातात येतं, एका माणसाची मर्यादा ३० लाख, ६० पूर्ण झाल्यानं तुम्ही बसता. १८ पैकी १५ लाख तिथं ठेवलेत तर वर्षाला १ लाख २३ हजार. तेच १५ लाख बचत खात्यात अडीच टक्क्यांनी साडेसदतीस हजार देतात. फरक ८५ हजारांचा आहे, आणि तो दर वर्षी तुम्ही सोडून देताय, कारण विम्याचा हप्ता कापायला पैसे हाताशी हवेत असं ज्याला कमिशन मिळतं त्यानं सांगितलं. उरलेले ३ लाख अडीनडीला बँकेत राहू द्या.

या आठवड्यात बँकेत जा आणि ऑटो-डेबिट बंद करण्याचा अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. साहेब म्हणतील, “सर, आता बंद केलं तर सगळं बुडेल.” बुडत नाही. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर १५ व्या वर्षी किती. दहापैकी दोन हप्ते भरलेत म्हणून पेड-अपचा आकडा ७५ च्या दोन दशांशाच्या, १५ लाखांच्या आसपास असायला हवा. सरेंडरचा आकडा त्या मानानं फार खाली आला, तर पेड-अप ठेवणंच बरं. तोंडी आकड्यावर काही ठरवू नका.

पण त्याआधी फसवून विकल्याची तक्रार करा, कारण ती मान्य झाली तर १० लाख पूर्ण परत येऊ शकतात. बाँड हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करण्याची मुदत कधीच गेली, तो रस्ता बंद. कंपनीकडून तुमच्या प्रस्ताव फॉर्मची प्रत मागवा आणि ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. इतका मोठा हप्ता बसवायला तिथं १५-२० लाख लिहिल्याचे फॉर्म मी स्वतः पाहिले आहेत. तुमचं पेन्शन वर्षाला साडेचार लाखांचं. तिथं खोटा आकडा असेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. पॉलिसी देण्याआधी पडताळणीचा फोन आला असेल आणि ‘सगळ्याला हो म्हणा’ असं तुम्हाला सांगितलं असेल, तर तसंच लिहा. तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या, बँकेला प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता संग्रह.

माझ्या धाकट्या भावाला हेच वेड आहे. कोथरूडचं १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय त्यानं किती वेळा पाहिलं असेल, गणती नाही. त्यामुळे तुम्ही पाठवलेली संग्रहाची यादी मी त्याला दाखवली. आम्ही मूळचे लातूरचे. आजोबा बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरून मिरजेला जायचे. हे वेड मला परकं नाही, आणि ते सोडा असं मी कुणाला सांगणार नाही.

पण यादी बघा. इंजिनं एचओ मापाची, म्हणजे ८७ पट लहान, आणि १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावणारी. तुमचं यार्ड मीटरगेजचं. १००० मिलिमीटरला ८७ नं भागलं की साडेअकरा येतात, म्हणून तुम्ही १२ मिलिमीटरचे रूळ टाकलेत. यातलं एकही इंजिन तुमच्या पूर्णेत उभं राहणार नाही. त्यात ९ इंजिनं मार्क्लिन या जर्मन कंपनीची, जुनी आहेत, ती मधल्या खुंट्यांवरून वीज घेतात. तुम्हा चौघांचे रूळ दोन-रुळी. चाकं आणि आतली जोडणी बदलल्याशिवाय ती त्यावर चालवली तर शॉर्टसर्किट होईल. फिटरला हे मी काय सांगावं? साडेचार लाखांचा आकडा समोर असला की माणूस माप काढायचं विसरतो.

भाव दुप्पट होण्याचंही सोडून द्या. नव्या मॉडेलची किंमत वाढली ती रुपयामुळे आणि शुल्कामुळे. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून थेट ६० टक्के झालं. दुकानात महाग मिळतं म्हणून जुनं महाग विकलं जातं असं नाही. खोका हरवलेला, कठडा मोडलेला, मोटर कुरकुरणारी, आणि मराठवाड्यात गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही चौघंच. छंदाला खर्च म्हणा, तो पैसा परत येणार असं धरू नका.

ट्रस्ट नको. चौघांच्या सामाईक मालकीत एखाद्याला काही झालं की त्याची मुलं दारात येतात, आणि अर्धं इंजिन कुणालाच वाटून देता येत नाही. मालकी ज्याची त्याची ठेवा, खेळ सामाईक ठेवा. अमेरिकेत एनट्रॅक नावाच्या पद्धतीनं छोट्या रेल्वे जोडणारे हौशी लोक १९७० च्या दशकापासून असंच करतात: प्रत्येकाचा आपापला फळा, कडेच्या रुळांची जागा, उंची आणि वायरिंगचा जोड मात्र सगळ्यांचा एक. तुम्ही ४ फूट बाय २ फुटांचा फळा ठरवा. तुम्ही पूर्णा करा, परभणीकर परभणी करतील, दिवाळीला एकाच्या घरी जोडून गाडी सोडा. पोस्टाच्या व्याजातून जे जास्तीचे ८५ हजार मिळतील, त्यातले वर्षाला २० हजार यासाठी खुशाल घाला. पुण्याच्या यादीत रूळबदलाची मशिनं आणि ट्रान्सफॉर्मर आहेत, ते सुटे मिळत असतील तर तेवढे घ्या.

उसनं दिलेल्या इंजिनांची एक वही करा: कुणाचं, कुणाकडे, कधीपासून. प्रत्येक इंजिनाच्या पोटाखाली मालकाची खूण. वहीची एक प्रत काकूंकडे.

आणि काकूंना आज सांगा. संग्रहाचं नंतर, पॉलिसीचं आधी. पोस्टातलं खातं दोघांच्या नावानं उघडा, म्हणजे सहीसाठी त्यांना सोबत न्यावंच लागेल. ऑटो-डेबिट बंद झाल्याची पोच आणि कंपनीचे दोन्ही आकडे मला पाठवा. सरेंडर की पेड-अप, ते आकडे पाहून ठरवू.