आशियाई स्पर्धेत भारताला कनोइंग-कयाकिंगमध्ये कधी पदक मिळालंय का?

हो, दोनदा, आणि दोन्ही वेळा कांस्यच. पहिलं 1994 मध्ये हिरोशिमाला सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी मिळवलं, दुसरं थेट 29 वर्षांनी हांगझोऊला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी. आशियाई स्पर्धांच्या निकालांत हांगझोऊचं पदक '2022' खाली सापडेल, कारण कोविडमुळे पुढे ढकललेली ती स्पर्धा ऑक्टोबर 2023 मध्ये झाली तरी नाव जुनंच राहिलं.

गंमत म्हणजे दोन्ही पदकं एकाच प्रकारातली आहेत: पुरुष सी-2 (दोघांची कनो), 1000 मीटर. यात दोघं एका गुडघ्यावर टेकून एकपाती वल्हं मारतात, एक डावीकडून, दुसरा उजवीकडून. नावेला सुकाणू नसतं, त्यामुळे ती सरळ ठेवणंही वल्ह्यानंच. बसून दुपाती वल्हं मारायच्या कयाकमध्ये मात्र आपली पाटी अजून कोरीच आहे.

हे फक्त आशियाईपुरतं. ऑलिंपिकमध्ये या खेळात पदक नाही. पॅरालिंपिकमध्ये प्राची यादवनं टोकियोत अंतिम फेरी गाठून आठवा क्रमांक मिळवला होता. पदकांच्या यादीत ते दिसत नाही, पण माझ्या मते ती कामगिरी या कांस्यांच्या तोडीची आहे.