धुळे-जळगावकडे देशी झाडं वाढवायची हौस आहे, एकटा माणूस काय करू शकतो?

सगळ्यात मोलाचं काम म्हणजे आपल्याच भागातलं बी गोळा करणं. रोपवाटिकेत गुलमोहर, ग्लिरिसिडिया अशी परदेशी झाडं सहज मिळतात. अंजनाचं रोप शोधावं लागतं. म्हणून सुरुवात अंजनापासून करा. सातपुड्याच्या पायथ्याचं हे अस्सल खानदेशी झाड.

एप्रिल-मेमध्ये चपट्या, पंखासारख्या शेंगा गळतात. टोकाला एकच बी असतं. एकाच झाडाखालचं नको, आठ-दहा झाडांखालचं घ्या. भोक पडलेलं बी टाकून द्या, उरलेलं त्याच पावसाळ्यात वापरा. भरघोस बी दरवर्षी येत नाही, तेव्हा आलं त्या वर्षी आळस नको.

लहान पिशवीत रोप फसतं: सोटमूळ लगेच तळाला टेकून वेटोळं होतं. पिशवी किमान 12 इंच उंच हवी. त्याहून बरं म्हणजे पहिला चांगला पाऊस झाल्यावर जागेवरच दोन-तीन बिया 2 सेंमी खोल टोबणं. जागा मुरमाड, निचऱ्याची. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत अंजन तग धरत नाही.

उन्हाळ्यात शेंडा वाळला तर उपटू नका! मूळ जिवंत असतं, पावसात पुन्हा फुटतं. पहिली काही वर्षं असंच चालतं. खरा धोका शेळ्यांचा, त्यांना हा पाला फार आवडतो. भोवती बोरीच्या काट्या रोवा.

आणि प्रत्येक पुडीवर झाडाचं स्थानिक नाव, गाव, तारीख लिहा. नोंद नसलेलं बी दुसऱ्याला देऊन फारसा उपयोग नाही.