वॉर्डात साखर उतरते तेव्हा

प्रश्न : नाइट ड्युटीत मधुमेही पेशंट पहाटे घामाघूम होऊन बरळायला लागला, तर आधी डॉक्टरांना फोन करायचा की साखर तपासायची? (नर्स, बेळगाव)

आधी बोटाला टोचा, फोन नंतर. ७०च्या खाली म्हणजे कमी, ५४च्या खाली म्हणजे धोका. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, शिरेतून डेक्स्ट्रोजच, म्हणजे ग्लुकोजचं द्रावण. त्याची लेखी ऑर्डर आधीपासून फाइलला असली पाहिजे. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराची गोळी) घेणाऱ्याला धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र सुटतो. आणि ‘रात्रभर शांत झोपलेत’ हा शेरा मला तरी नेहमी संशयास्पद वाटतो, ती गुंगीही असू शकते.

प्रश्न : वडील ॲडमिट असताना साखर ५८ झाली. साखरेचं पाणी पाजलं तरी वीस मिनिटांनी ६१च. असं का? (खानापूर)

गोळीच्या पाकिटावर ‘व्होग्लिबोज’ आहे का बघा. आपल्या नेहमीच्या साखरेचं आतड्यात विघटन व्हावं लागतं आणि हे औषध नेमकं तेच अडवतं. ग्लुकोजला ती अडचण नाही. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिहेरी गोळी सर्रास लिहिली जाते. म्हणजे साखर उतरवणारं औषध आणि त्याच्या उताऱ्याची वाट अडवणारं औषध एकाच गोळीत! किडनी कमजोर असेल तर ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो. एकदा आकडा वर आला म्हणून लगेच डिस्चार्ज मागू नका. भेटीला आलेल्यांचा कुंदाही अशा वेळी डब्यातच राहू द्या. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते.

प्रश्न : आमच्या नर्सिंग होममध्ये स्टाफला याचं ट्रेनिंग कसं द्यावं? (निपाणी)

व्याख्यान नको, वॉर्डातलं घड्याळ बघा. इन्सुलिन सातला आणि गावाहून बसने येणारा डबा नऊला, इथेच निम्मं दुखणं आहे. जेवणानंतरची साखर आवरणारं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही, हा नियम करा. मग सिरिंज हातात घेऊन दाखवा : लाल टोपीची मिलिलिटरला ४० युनिटवाली, केशरी टोपीची १००वाली. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन १००वालं असतं; ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटच्या अंगात २५ युनिट जातात. औषधांच्या ट्रॉलीवर एक डबा कायम ठेवा : ग्लुकोज पावडर, २५ टक्के डेक्स्ट्रोज, कॅन्युला (शिरेत घालायची नळी), आणि काय करायचं ते कन्नड-मराठी दोन्हीत लिहिलेला कागद. वापरलेलं सामान त्याच शिफ्टने भरून ठेवायचं.

प्रश्न : ऑपरेशनसाठी आईला उपाशी ठेवलंय. सकाळची शुगरची गोळी द्यायची का? (चिकोडी)

भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. इन्सुलिनही मनानं बंद करू नका. ऑपरेशन पुढे ढकललं, तर सिस्टरना लगेच सांगून साखर तपासून घ्या. यादीत नंबर खाली गेलेला पेशंट तासन्तास उपाशीच राहतो.