फुलपाखरांची मोजणी: आकडे का जुळत नाहीत?

प्रश्न: गोकाकच्या कोरड्या, खडकाळ डोंगरावर आम्ही तिघं महिन्यातून एकदा फुलपाखरं मोजतो. तिघांचे आकडे वेगळे येतात. रुईजवळच्या नारिंगी फुलपाखरांवरून तर वादच होतो. — एक वाचक, गोकाक

उत्तर: तिघांनी मोजू नका. एकानं पाहायचं, दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं फोटो काढायचे. वाट कायम तीच ठेवा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढं ५ मीटर, एवढ्या चौकटीत दिसेल तेच धरा. ब्रिटनमध्ये १९७६पासून अशीच मोजणी चालते. मागून उडत पुढं आलेलं पुन्हा धरलं की आकडा फुगतो. फोटोसाठी थांबलात तर मोजणीही थांबवा, मग तिथूनच पुढं चला. ऊन, ढग, वारा दर वेळी लिहा. जून-जुलैच्या वाऱ्यात माळावरची फुलपाखरं झुडपात दडतात, तो आकडा ऑक्टोबरच्या शांत उन्हातल्या आकड्याशी ताडून काय उपयोग?

आता नारिंगीचा वाद. पंख उघडेपर्यंत धीर धरा. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतील, तर तो प्लेन टायगर; रुई त्याच्या अळीचं खाद्य. मध्यावर ठिपके नाहीत, फक्त वरच्या कडेला एकच काळा डाग दिसतोय? मग ती डॅनाइड एगफ्लायची मादी. प्लेन टायगर पक्ष्यांना बेचव लागतो, म्हणून ती त्याचं सोंग घेते. ओळख पटली नाही, तर ‘नारिंगी, अनोळखी’ असं लिहा, पण अंदाजानं नाव घालू नका.