वाचकांचे प्रश्न : डिटोनेशनवर टर्बाइन चालेल का?

प्रश्न : सर, मी अंबड एमआयडीसीत सीएनसीवर आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, तिने प्रोजेक्टला रोटेटिंग डिटोनेशन इंजिन घेतलंय आणि म्हणते याने टर्बाइनचं इंधन वाचणार. मी तर आजवर हेच ऐकलं की डिटोनेशन झालं की इंजिनची वाट लागते, मग तेच मुद्दाम करायचं तर टर्बाइन टिकणार कसं? आणि एवढा फायदा असेल तर ओझरवरून उडणाऱ्या सुखोईत हे का नाही?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : दादा, तुमची शंका बरोबर आहे आणि पोरीचं म्हणणंही चुकीचं नाही.

आधी तुमचं घेतो. वणीच्या गडावर डबलसीट जाताना गाडी वरच्याच गिअरमध्ये दामटली की टकटक आवाज येतो ना, नॉकिंग म्हणतो आपण. प्लगपासून निघालेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपलं आपण पेटतं, प्रेशर उसळतं आणि त्याच्या लाटा पिस्टनवर आपटतात. डिटोनेशन त्याच भावकीतलं पण कितीतरी जोरकस. साधी ज्योत शांत मिश्रणात सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा सरकत नाही आणि डिटोनेशनची लाट केरोसीन-हवेच्या मिश्रणात 1800 मीटरच्या आसपास पळते, पुढे शॉक, म्हणजे प्रेशरची एकदम उसळलेली भिंत, आणि त्याला चिकटून मागे आग.

फायदा याच शॉकमध्ये आहे. नेहमीच्या टर्बाइनमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबतो, कंबस्टरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या खोलीत, ती जवळपास त्याच प्रेशरला जळते, उलट तिथे चार-पाच टक्के प्रेशर वायाच जातं. डिटोनेशनमध्ये जळता जळताच प्रेशर वाढतं, म्हणजे तेवढ्याच इंधनात टर्बाइनला जास्त काम काढता येईल. सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी हे 1940 मध्येच मांडलं होतं, म्हणजे कल्पना काही आजची नाही.

आता मुलीचं रोटेटिंगवालं बघू. दोन नळ्या एकात एक घालून मधे जी गोल फट राहते तिच्यात ही लाट गोल गोल फिरत राहते, एकदा पेटवली की पुन्हा ठिणगी लागत नाही. समजा फटीचा व्यास 15 सेंटीमीटर, घेर 47 सेंटीमीटर, 1800 च्या वेगाने सेकंदाला साधारण 3800 फेऱ्या होतात. म्हणजे लाट परत यायला पाव मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्यात जळलेला वायू बाजूला सरून तिथे ताजी हवा आणि इंधन नीट मिसळून तयार पाहिजे. हायड्रोजन पटकन ऐकतो, केरोसीनचे थेंब आधी बारीक व्हायला पाहिजेत, वाफ व्हायला पाहिजे, तो खूप त्रास देतो.

ही लाट चालते हे सिद्ध झालंय. 2008 मध्ये अमेरिकेत मोहावेला पल्स डिटोनेशनवर, म्हणजे फिरत्या लाटेऐवजी एकामागून एक सुट्या लाटा सोडून, एक छोटं विमान काही सेकंद उडालं, 2021 मध्ये जपानने असं रोटेटिंग इंजिन रॉकेटमधून अवकाशात नेऊन चालवलं. पण दादा, यात टर्बाइन नव्हतंच, वायू सरळ मागे सोडून दिला. खरं दुखणं टर्बाइन लावल्यावर सुरू होतं.

टर्बाइनच्या पात्यांचा आकार एकसारख्या प्रवाहासाठी घडवलेला असतो आणि इथे दर फेरीला शॉक येऊन धडकणार. तरी एक आशेची गोष्ट आहे, अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने टी63 या हेलिकॉप्टरच्या इंजिनात मूळ कंबस्टर काढून डिटोनेशनचा बसवला, हायड्रोजनवर चालवला, आणि टर्बाइनची कार्यक्षमता काही ढासळली नाही. मात्र हवा बाहेरून दिली होती, इंजिनच्या स्वतःच्या कॉम्प्रेसरची नाही. हा फरक पोरीने वहीत लिहून ठेवावा, बहुतेक लोक तो विसरतात.

कारण माझ्या मते सगळा खेळ कॉम्प्रेसर आणि कंबस्टरच्या मधल्या तोंडाशी आहे. लाटेचं प्रेशर मागे कॉम्प्रेसरकडे घुसू नये म्हणून हवेची वाट अरुंद ठेवावी लागते आणि अरुंद वाटेतून हवा ढकलताना जे प्रेशर जातं तेच लाटेने कमावलेलं खाऊन टाकतं. अजून एक, पाती थंड ठेवायला कॉम्प्रेसरमधूनच हवा नेतात, कंबस्टरमधलं प्रेशर कॉम्प्रेसरपेक्षा वाढलं तर ती थंड हवा पात्यांच्या बारीक भोकांतून बाहेर यायची कशी? तिला वेगळं दाबायला परत ताकद आलीच. म्हणून इंधन वाचेल हे कागदावर खरं असलं तरी तोंडापासून शेपटापर्यंत हिशोब मांडल्याशिवाय मी तरी मान्य करणार नाही.

सुखोईचं उत्तर यातच आहे. त्याचं इंजिन आधीच हवा वीसपटीहून जास्त दाबतं आणि कॉम्प्रेसर जितका जास्त दाबेल तितका डिटोनेशनचा फायदा कमी होत जातो, शिवाय लढाऊ विमानाला वर्षानुवर्षं पारखलेलं इंजिनच लागतं.

प्रोजेक्टसाठी एक सुचवतो. आग पेटवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, घरी नाही आणि शेडमध्येही नाही. तुमच्या हाताला सीएनसी आहे ना, ॲल्युमिनियमची ती गोल फट आणि हवा आत घेणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रिंगा वळून द्या, शॉपमधल्या कॉम्प्रेसरची नुसती हवा सोडा आणि आधी-नंतरचं प्रेशर मोजा. प्रत्येक रिंगेला प्रवाह सारखा ठेवा, नाहीतर तुलनाच होणार नाही. आकडे आले की मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावर नक्की लिहीन.