इंग्लंडचे आणि फ्रान्सचे फ्रीमेसन एकमेकांना का मानत नाहीत?

फ्रीमेसनरी (दीक्षा आणि विधी असलेलं बंधुमंडळ) जर एकच जागतिक संघटना आहे, तर इंग्लिश आणि फ्रेंच मेसनांचं पटत का नाही, असं तुम्ही विचारलंय. मुळात ती एक संघटना नाहीच. जगभराचं मुख्यालय वगैरे कुठेही नाही (कटकारस्थानवाल्यांची इथेच पंचाईत होते). सभासदांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात आणि अशा लॉजांवरच्या मध्यवर्ती संस्थेला ग्रँड लॉज. प्रत्येक देशाची ग्रँड लॉज स्वतंत्र, अमेरिकेत तर राज्यागणिक वेगळी. कुणाला आपलं म्हणायचं, ते जिचं तीच ठरवते.

लंडनची पहिली ग्रँड लॉज परंपरेनुसार १७१७ची. जेम्स अँडरसनने तिच्यासाठी लिहिलेल्या १७२३च्या नियमावलीत धर्माची अट मुद्दाम सैल ठेवली होती: सगळ्यांना मान्य असेल तेवढा धर्म पाळा, बाकीची मतं आपापल्यापाशी. या सैलपणाचा अर्थ मग ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला.

इंग्लंडात लॉज राजघराण्याच्या छायेत वाढली. १८१३मध्ये दोन भांडणाऱ्या ग्रँड लॉज एक झाल्या, तेव्हा ग्रँड मास्टर झाला तो तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ ससेक्स. तिथे राजकारण आणि धर्मावर चर्चा वर्ज्य. धर्मग्रंथ उघडा ठेवायचा, विधी तोंडपाठ म्हणायचे, मग एकत्र जेवायचं. फ्रान्समध्ये उलटं घडलं. पोपने १७३८मध्येच बंदी घातलेली. पुढे चर्च विरुद्ध प्रजासत्ताक असा सामना रंगला, तेव्हा लॉज प्रजासत्ताकाच्या बाजूला गेल्या. तिथला सभासद निबंध वाचतो आणि शिक्षण, कायदा, धर्मनिरपेक्षता यांवर बाकीचे वाद घालतात. १८७७मध्ये ग्रँड ओरिएंटने (फ्रान्सच्या प्रमुख मध्यवर्ती संस्थेने) ईश्वरावरच्या श्रद्धेची अट काढून टाकली. गंमत म्हणजे ठरावाच्या बाजूने अहवाल मांडणारा फ्रेदेरिक देमाँ हा प्रोटेस्टंट पाद्री होता! लंडनने संबंध तोडले, ते आजतागायत.

स्वीडन तिसऱ्याच टोकाला. फक्त ख्रिस्ती सभासद, दीक्षेच्या अकरा पायऱ्या आणि १९७३पर्यंत पिढ्यानपिढ्या प्रमुखपदी राजा. १८११मध्ये तेराव्या चार्ल्सने खास मेसनांसाठी राजसन्मानही काढला.

फरक कागदावरचा नव्हता, हे माणेकजी करसेटजींच्या प्रकरणात दिसतं. मुंबईत आणि इंग्लंडात या पारशी गृहस्थाला दारं बंद होती. पॅरिसने दीक्षा दिली. परत आल्यावरही मुंबईच्या इंग्लिश लॉजने घेतलं नाही, तेव्हा १८४३मध्ये स्कॉटिश ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ निघाली, भारतीयांना प्रवेश देणारी. अमेरिकेत प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीयाला १७७५मध्ये दीक्षा मिळाली ती ब्रिटिश लष्करातल्या लॉजमध्ये. त्याच्या लॉजला सनद १७८४मध्ये दिली लंडनने. शेजारच्या गोऱ्या ग्रँड लॉजनी मात्र या परंपरेला मान्यता द्यायला सुरुवात केली ती थेट १९८९मध्ये.

तेव्हा पॅरिसला गेलेला इंग्लिश मेसन आजही ग्रँड ओरिएंटच्या सभेला बसू शकत नाही. तो जातो १९१३मध्ये निघालेल्या, ईश्वराची अट पाळणाऱ्या दुसऱ्या फ्रेंच ग्रँड लॉजकडे.