‘काढू का ओ तिला गणिताच्या बॅचमधून?’

मी समुपदेशक. दिवाळीनंतर माझ्याकडे दहावीच्या धास्तीनं आया येतात. यंदा सहावी-सातवीच्या मुलांच्या आया आल्या आणि प्रश्न साधारण एकच. शाळेत जादा गणिताची बॅच आहे. पूर्वी चाचणी घेऊन पंचवीसच मुलं निवडायचे, जूनपासून ज्याला हवं त्याला प्रवेश. घालावं तर झेपत नाही, काढावं तर मूल मागं पडेल. करायचं काय?

त्यातली एक केस सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळख पुसून.

आई सांगलीच्या विश्रामबागेतली, वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत. मुलगी सहावीत. बॅच मंगळवारी आणि गुरुवारी, पोटही नेमकं मंगळवारी आणि गुरुवारीच दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, मग माझा नंबर लागला. “मी सातवीत स्कॉलरशिपला बसलेली ओ ताई,” आई म्हणाली. (तेव्हा ती परीक्षा चौथी-सातवीला असायची; २०१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली.) “हिलाच कसं येत नाही? काढू का तिला?” मुलगी शेजारी बसून दप्तराची चेन उघडत-मिटत होती.

मी म्हटलं, महिनाभर थांबवा. पोटदुखी थांबली. आई खूश, मीही खूश. तिसऱ्या आठवड्यात मुलगी आईला बाहेर बसवून एकटीच आत आली. “मला कुणी विचारलंच नाही. मला जायचंय बॅचला.”

इतकी वर्षं हे काम करते, आणि साधं विचारायचं राहून गेलं होतं.

मग विचारलं. गणिताचा त्रास नव्हताच. दर गुरुवारी पंधरा मिनिटांत वीस गणितं, आणि मार्कांप्रमाणे पुढच्या मंगळवारची बसायची जागा. ती शेवटच्या बाकावर. पोट तिथं दुखत होतं.

पण मला आणखी एक शंका होती. वही मागितली. सातवीचे वर्गविस्तार सहावीतच उरकलेले. (a + b)² लिहून दिलं तर तिनं पेन न उचलता a² + 2ab + b² लिहिलं. “मग ३ आणि ४ ची बेरीज करून वर्ग कर.” तिनं लिहिलं ९ + १६ = २५. “आणि सात साती?” “एकोणपन्नास.” दोन्ही उत्तरांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

चौकटीच्या वहीत सात बाय सातचा चौरस काढला. तीनच्या रेघेवर आडवं-उभं कापलं. नऊ चौकटींची एक खोली, सोळाची एक, आणि उरलेल्या दोन, बारा-बाराच्या. तिनं त्या दोन पेन्सिलीनं रंगवल्या आणि म्हणाली, “म्हणजे हे 2ab इथं राहत होतं!” सूत्र तिला दोन महिने तोंडपाठ होतं, पण त्याचं घर तिनं त्या दिवशी पाहिलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बॅच सगळ्यांना खुली केली हे उत्तमच. अकरा वर्षांच्या मुलावर ‘निवडला नाही’ असा शिक्का मारायचा, ही पद्धत मला कधीच पटली नाही. पण दार रुंद केलं आणि आत शर्यत तीच ठेवली, तर उपयोग काय? पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी संपवणं म्हणजे प्रगत गणित नव्हे. तुमच्या मुलाचं पाहायचं असेल तर मार्क विचारू नका. एक गणित त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा, तेही आकृती काढून. सांगताना अडखळला, तरी पुन्हा प्रयत्न करतोय का, ते बघा. करत असेल तर राहू द्या. रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर थांबवा. मात्र आधी त्याला विचारून. माझ्यासारखं नको.

बॅचच्या सरांना भेटले. माणूस भला, पण तीन तुकड्या एकटा सांभाळतो. बसायच्या जागा त्यांनी लगेच मोडल्या. चाचणी मोडली नाही, पंधराची तीस मिनिटं केली. शिवाय महिन्यातला एक तास बिनमार्कांचा ठेवला. पहिल्याच तासाला कापरेकरांची ६१७४ दिली. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या मास्तरांना ती १९४९ मध्ये सापडली. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक एकच नकोत), अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला, सिग्नलवरून, मागं हॉर्न. “ताई, ही स्कूटीवर मागं बसून एमएच १० च्या सगळ्या नंबरप्लेटी वजा करतीया. २७१४ ची रिक्षा एकाच पायरीत गेली म्हणून ओरडली.” मागून मुलीचा आवाज आला, “आई, ती मोठी काळी गाडी सांग ना!”

त्या गाडीचा नंबर ४४४४ होता. हौसेनं पैसे भरून घेतलेला असणार. पहिल्याच वजाबाकीत शून्य.